एसडीएल सुरू करणे आणि बंद करणे: क्रम का पाळावा लागतो

नमस्कार मंडळी, नागपूरहून आपले स्वागत.

स्क्रीनवर जो प्रोग्राम दिसतो आहे, तो नागपूर मेट्रोचा साधा नकाशा काढतो. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही ऑरेंज लाइन, प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर ही अॅक्वा लाइन, आणि दोन्ही जिथे भेटतात ते सीताबर्डी. नकाशा नीट उमटतो आणि माउसने सरकवताही येतो. विंडो बंद केल्यावर विंडोजच्या लॅपटॉपवर काहीच जाणवत नाही. त्याच कोडवरून लिनक्सवर तयार केलेला प्रोग्राम मात्र बंद होताना टर्मिनलवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (नको त्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम कोसळला) अशी ओळ सोडून जातो. काम तर झाले, मग बंद होताना काय घडले याची चिंता कशाला, असे अनेक विद्यार्थी म्हणतात. मला हे पटत नाही, कारण ही चूक दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी ती फक्त दिसत नाही.

हा प्रोग्राम एसडीएल, म्हणजे सिंपल डायरेक्टमीडिया लेयर, या लायब्ररीवर चालतो. सॅम लँटिंगा यांनी 1998 मध्ये ती सुरू केली. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयओएस यांवर एकाच कोडने विंडो उघडता यावी, हा तिचा उपयोग. एसडीएल इनिट या फंक्शनला व्हिडिओचा फ्लॅग दिला की लायब्ररी आधी स्क्रीनपर्यंत पोहोचण्याचा मार्ग शोधते. लिनक्सवर हा मार्ग सहसा एक्स११ किंवा वेलँड, म्हणजे स्क्रीनवर विंडो दाखवणारी यंत्रणा, असतो. तो सापडला नाही, उदाहरणार्थ कॉलेजच्या सर्व्हरवर एसएसएचने (नेटवर्कवरून, दुसऱ्या संगणकावरून) शिरून प्रोग्राम चालवला, तर इनिट अपयशी ठरते, आणि एसडीएल गेटएररला विचारल्यास व्हिडिओ डिव्हाइस उपलब्ध नसल्याचा संदेश मिळतो. हा संदेश छापून तिथेच थांबणारा प्रोग्राम चांगला. तो न तपासता पुढे जाणारा प्रोग्राम विंडोच्या जागी नल पॉइंटर (कुठेच न नेणारा पत्ता) घेऊन चालू लागतो, आणि कोसळतो तो भलत्याच ओळीवर.

इथे आवृत्तीचा एक मोठा खड्डा आहे. एसडीएल २ मध्ये इनिट यशस्वी झाल्यावर शून्य परत करते आणि चूक झाल्यास ऋण आकडा देते. एसडीएल ३ मध्ये तेच फंक्शन यश मिळाल्यास ‘ट्रू’ आणि अपयश आल्यास ‘फॉल्स’ परत करते. जुन्या कोडमध्ये ‘शून्यापेक्षा कमी असेल तर चूक’ अशी अट असेल, तर ती नव्या आवृत्तीत कधीच खरी ठरत नाही, आणि प्रत्येक अपयश निमूट पुढे जाते. जुनी उदाहरणे नकलून घेणाऱ्यांनी ही एक ओळ आधी तपासावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्या नकाशात प्रत्येक स्थानकाचे नाव एकदाच रंगवून टेक्स्चर, म्हणजे स्क्रीनवर लगेच काढता येणारे तयार चित्र, म्हणून साठवलेले आहे. ‘सीताबर्डी’तला रफार योग्य जागी बसण्यासाठी एसडीएलच्या टीटीएफ (फॉन्टमधली अक्षरे रंगवणाऱ्या) लायब्ररीला अक्षरांची जुळणी करणाऱ्या हार्फबझची जोड लागते, आणि हे काम दर फ्रेमला पुन्हा करणे बरोबर नाही, म्हणून साठवण्याचा निर्णय योग्यच आहे. चूक आहे ती साठवणीच्या जागेची: ही सर्व टेक्स्चर एका ग्लोबल मॅपमध्ये, म्हणजे सर्व फंक्शनांच्या बाहेर ठेवलेल्या यादीत, आहेत.

विंडो बंद केल्यावर काय होते ते क्रमाने पाहा. मेन फंक्शनच्या शेवटी रेंडरर (विंडोत चित्र काढणारी वस्तू) नष्ट केला जातो, आणि एसडीएलचा नियम असा आहे की रेंडररबरोबर त्याची सगळी टेक्स्चरही मोकळी होतात. मग विंडो जाते आणि एसडीएल क्विट होते. मेन संपते. त्यानंतर सी प्लस प्लस ग्लोबल मॅपचा डिस्ट्रक्टर, म्हणजे वस्तू संपताना आपोआप चालणारे फंक्शन, चालवते, आणि तो प्रत्येक टेक्स्चर पुन्हा नष्ट करायला जातो. ती मेमरी आता आपली उरलेली नसते. तिथे जुना मजकूर तसाच पडून असेल तर वेळ निभावते. दुसरे काही लिहिले गेले असेल, तर प्रोग्राम कोसळतो. अॅट-एक्झिटमध्ये, म्हणजे प्रोग्राम संपताना चालवायच्या फंक्शनांच्या यादीत, एसडीएल क्विट नोंदवूनही हे टळत नाही, कारण मेनमध्ये नोंदवलेले फंक्शन हे मेनच्या आधी तयार झालेल्या ग्लोबल वस्तूंच्या डिस्ट्रक्टरपूर्वीच चालते.

उपाय असा की या सर्व वस्तूंना एकच मालक द्यावा. एक क्लास करा आणि त्यात सदस्य या क्रमाने लिहा: पहिली एक छोटी वस्तू, जिचा कन्स्ट्रक्टर इनिट करतो आणि डिस्ट्रक्टर क्विट करतो, मग विंडो, मग रेंडरर, मग टीटीएफसाठी तशीच एक वस्तू, मग फॉन्ट, आणि शेवटी टेक्स्चरचा मॅप. विंडोपासून पुढचे सगळे पॉइंटर युनिक पॉइंटरमध्ये (स्वतः संपताना वस्तू मोकळी करणाऱ्या पॉइंटरमध्ये) ठेवा आणि त्यांना एसडीएलचे मोकळे करणारे फंक्शन जोडा. सी प्लस प्लस सदस्यांना लिहिल्याच्या उलट क्रमाने नष्ट करते, म्हणून टेक्स्चर आधी जातात, फॉन्ट टीटीएफ बंद होण्यापूर्वी जातो, आणि लायब्ररी सगळ्यांच्या शेवटी बंद होते. या रचनेचा मला सर्वात मोलाचा वाटणारा फायदा वेगळाच आहे: विंडो उघडली पण रेंडरर तयार झाला नाही आणि तिथे एक्सेप्शन फेकले, तर तोवर तयार झालेली विंडो आणि लायब्ररी आपोआप, योग्य क्रमाने मोकळी होतात. अर्थात ते एक्सेप्शन मेनमध्ये पकडलेले हवे.

एस्केपचे बटण दाबल्यावर थेट एक्झिट फंक्शन बोलावले, तर ही सगळी तजवीज वाया जाते, कारण एक्झिट मेनमधल्या स्थानिक वस्तूंचे डिस्ट्रक्टर चालवत नाही. लूपमधून बाहेर पडा आणि मेनला स्वतःहून संपू द्या.

जुना प्रोग्राम तपासायचा असेल तर तो अॅड्रेस सॅनिटायझरसह (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनासह) कंपाइल करा. एसडीएलही त्याच फ्लॅगने स्वतः कंपाइल करावी लागेल, नाहीतर लायब्ररीच्या आत मोकळ्या मेमरीला झालेला स्पर्श पकडला जाणार नाही. एसडीएल २ पासून परवाना झेडलिब (एक मुक्त परवाना) असल्याने मूळ कोड सर्वांना खुला आहे. प्रोग्राम संपताना ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नावाने काही मेमरी लीक (परत न केलेली मेमरी) दाखवल्या जातील. त्या सहसा आपल्या नसतात. ‘हीप यूज आफ्टर फ्री’ असे शब्द दिसले, तर त्याखालच्या पहिल्या दोन याद्या वाचा: मेमरी कुठे वापरली गेली आणि त्याआधी ती कुठे मोकळी झाली. आपल्या नकाशात पहिली यादी ग्लोबल मॅपच्या डिस्ट्रक्टरपर्यंत जाते आणि दुसरी रेंडरर नष्ट करणाऱ्या ओळीपर्यंत.