"आमच्या टॅक्सवर पगार घेता ना?"

मार्च एंडिंग. नागपूर मनपाच्या झोन ऑफिसात मालमत्ता कराच्या खिडकीसमोर लाइन लागली आहे, बाहेर ऊन, आत एकच कूलर आणि तोही कर्मचाऱ्यांकडे तोंड करून, त्यावरूनही दोन भांडणं होतात. नंबर आला की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं. "आमच्या टॅक्सवर पगार घेता ना?" नाहीतर, "ओळखत नाही का मले? लावू का भाऊले फोन?" कोणता भाऊ, हे नागपुरात विचारायचं नसतं.

भांडण कशाचं, तर शास्तीचं, म्हणजे दंडाचं. थकलेल्या करावर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, ते कायद्यातच आहे, खिडकीवरच्या क्लार्कला त्यातला एक रुपया कमी करता येत नाही. सूट हवी तर अभय योजना लागते आणि ती वरून निघते. जन्म दाखल्याचंही तेच. नोंद २१ दिवसांत करायची, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणा. पण दंडाधिकारी काही समोर बसलेला नसतो, क्लार्क असतो, मग त्याच्याच आईबापाचा उद्धार.

पूर्वी हा राग मधेच अडायचा. गडर, म्हणजे गटार, चोक झालं की माणूस आधी नगरसेवकाच्या घरी जायचा, चहा प्यायचा, चार शब्द तिथंच सुनावून मोकळा व्हायचा. मार्च २०२२ मध्ये मनपाची मुदत संपली, प्रशासक आले, जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा लोंढा सरळ झोनवर. त्यात २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी घराघरात. नंतर गाळ उपसायला जो आला, लोकांसाठी तोच मनपा. त्यानं काय काय ऐकलं असेल, तुम्हीच अंदाज करा.

राग खोटा नाही, हेही सांगून टाकतो. हाफ डे टाकून आलेल्या माणसाला "सर्व्हर डाऊन" ऐकवलं की डोकं फिरणारच, आणि काही टेबलं खरंच उर्मट आहेत.

पण बोलणी खाल्ल्यावर कामाचं काय होतं? इस्रायलमधला एक प्रयोग आहे, २०१५ साली छापून आलेला. नवजात बाळांच्या आयसीयूतल्या २४ टीम घेतल्या, सरावाची केस दिली, काही टीमना एका पाहुण्या तज्ज्ञानं टोमणे मारले. शिव्या नाही, नुसते टोमणे. त्या टीमचं निदान कच्चं पडलं, हातातलं कामही बिघडलं, आणि मुख्य म्हणजे ते एकमेकांना विचारेनासे, सांगेनासे झाले.

इथं क्लार्क उलटून बोलतोच असं नाही, तो नियमात जाऊन बसतो. सकाळी जो "काकाजी, हा फॉर्म नका भरू, तो भरा, झेरॉक्स समोरच मिळते" म्हणत होता, तोच दुपारी "लेखी अर्ज द्या" वर येतो. शिव्या देणारा तर केव्हाच गाडीला किक मारून गेलेला असतो, अर्ज लिहीत बसते त्याच्या मागे उभी असलेली बाई, जिनं कुणाला काही म्हटलेलं नाही. खिडकीवर मॅडम असल्या तर वर मोबाईल काढून शूटिंग. रस्ता झाडणाऱ्या ऐवजदारांशी (बदली सफाई कामगारांशी) तर बोलणं "ए" नेच सुरू होतं. थुंकणाऱ्यांना, कचरा टाकणाऱ्यांना दंड करायचं उपद्रव शोध पथक मनपानं काढलं, त्यात माजी सैनिक घेतले, यातच काय ते समजा.

कर्मचाऱ्याला वाचवायला कायदा आहे ना. पूर्वीचं आयपीसीचं कलम ३५३, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. पण ते अंगावर गेल्यावर, बळजबरी केल्यावर. रोजच्या "ऐक बे" साठी ठाण्यात कोण जाणार, आणि गेलाच तर कोर्टाच्या चकरा वेगळ्या. त्यापेक्षा जुनी, कामातली माणसं सोपा रस्ता धरतात, पब्लिकचं टेबल नको म्हणून साहेबांच्या मागे लागतात. मग तिथं बसते एखादी नवीन कंत्राटी पोरगी, जिला कोणता कागद कुठं लागतो हे अजून दर वेळी आत जाऊन विचारावं लागतं.