काळीतलं नाणं, पांढरीची माती

(दृश्य : तापीकाठचं रान. बांधावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे भारे.)

पऱ्हाटी उपटून झालीय, नांगर अजून लागायचा आहे. धातुशोधक यंत्रासाठी रान मोकळं मिळतं ते एवढेच दिवस.

(दृश्य : टेकाड, लांबून.)

काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाव. समोरचं टेकाड जुन्या पांढरीचं : राख, शेण, पडलेल्या भिंती. प्रकाशे इथे तापी-गोमाईच्या संगमावर १९५५ मध्ये असंच टेकाड उकललं, तेव्हा तळाशी ताम्रपाषाण काळातली वस्ती लागली. खान्देशात हीच पांढरी माती धाब्यांवर, म्हणजे घरांच्या सपाट मातीच्या छपरांवर पडली, खत म्हणून गाड्या भरभरून शेतात गेली. तिच्यासोबत खापरं गेली, मणी गेले, नाणी गेली.

(दृश्य : सुतळ्या बांधलेले पट्टे, यंत्राची चकती.)

पट्टा एक मीटरचा. चकती जमिनीपासून दोन बोटं वर, सपाट. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. टोकाला हात वर उचलला गेला की तिथली खोली हुकते. काळी माती बेसॉल्टची, तिच्यातल्या लोहखनिजामुळे यंत्र उगाच कुरकुरतं. म्हणून आधी स्वच्छ जागी चकती खालीवर करून जमिनीचा आवाज शांत करायचा. तरीही थांबला नाही, तर संवेदनशीलता कमी करायची. खोली थोडी जाते, ती जाऊ द्यावी. भेगांच्या कडेलाही खोटा आवाज येतो.

खरा आवाज दोन्ही बाजूंनी येतो, काटकोनात फिरूनही तिथेच येतो. लोखंड तुटक वाजतं. पण नको असलेले धातू गाळण्याची कळ फार वर नेऊ नये : सातवाहनांचं शिशाचं छोटं नाणं आणि कीटकनाशकाच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं सील आवाजावरून वेगळं ओळखता येत नाही. दहा सिलं उकरायची तयारी हवी.

(दृश्य : खुरपं, जवळून.)

खुरपं आवाजावर मारायचं नाही, वीतभर लांबून गोल फिरवायचं. नांगरटीच्या थराखाली आवाज गेला की हात आखडायचा. तिथली माती अजून हललेली नाही, ते काम उत्खननाचं.

(दृश्य : तळहातावर शिवराई, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं.)

एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. काठाला चिकटलेली माती पाहा : काळ्या रानात राखाडी, भुरभुरीत. हे नाणं इथे पडलेलं नाही, टेकाडावरून गाडीत आलंय. चिंच किंवा राखेने घासलं की ही माती जाते, हिरव्या थरातली अक्षरंही जातात. घासूच नये. कागदी पाकिटात ठेवायचं. वर क्रमांक, जीपीएस, खोली.

दहा रुपयांहून अधिक किमतीची जुनी वस्तू मातीत सापडली, तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं; संरक्षित स्थळावर परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे.

(दृश्य : जेसीबीने कापलेली टेकाडाची कड, राखेचे पट्टे. मग पाकीट.)

पाकिटावरची शेवटची नोंद : माती – पांढरी.