'जरा गॅसकडे बघ' म्हणजे नक्की काय करायचं?

नमस्कार मंडळी. माझा दादा ३१ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. अगदी परवापरवापर्यंत त्याच्या ताटातला वरणभात आई कालवून द्यायची. हात त्याचे व्यवस्थित चालतात. मग का? तर लहानपणी सकाळी शाळेची रिक्षा दारात यायची, घाई व्हायची, म्हणून आई कालवायची. शाळा संपली, रिक्षा बंद झाली, ती घाई मात्र आमच्या घरात तशीच राहिली.

'आमच्या माघारी याचं कसं व्हायचं?' हा प्रश्न सांगलीत मला कितीतरी आई-बाबा विचारतात. त्याचं उत्तर ते हिंडते-फिरते आहेत तोवरच शोधायला लागतं, आणि आम्हाला ते ओट्यापाशी सापडायला लागलं.

झालं असं. आई दादाला म्हणाली, 'जरा गॅसकडे बघ हं.' तो बघत उभा राहिला. दूध वर आलं, उतू गेलं, तो बघतच होता. आई ओरडली, तो कानांवर हात ठेवून आत गेला. मला मनापासून वाटतं, चूक त्याची नव्हती. त्याला जे सांगितलं तेच त्यानं केलं. आपली स्वयंपाकघरातली सगळी भाषाच अंदाजाची. जरा, थोडं, बेताचं, चिमूटभर. स्वमग्न माणसापर्यंत पुष्कळदा फक्त उच्चारलेला शब्द पोहोचतो, त्यामागचं आपल्या मनातलं नाही.

मग आम्ही 'जरा' काढूनच टाकलं. चहासाठी अर्धा कप पाणी, अर्धा कप दूध, एक चमचा चहा पावडर, दोन सपाट चमचे साखर. आमच्या शेगडीवर बारीक आचेला किती वेळ लागतो ते मोजलं आणि तेवढा गजर मोबाइलवर लावला. गजर वाजला की गॅस बंद. प्रत्येक पायरीचा फोटो ओट्यावरच्या टाइल्सना चिकटवला.

शिकवायला सुरुवात मात्र शेवटून. चहा मी करायचा, दादानं फक्त गाळायचा. कारण गाळणाऱ्याच्या हातात लगेच कप येतो, आपण केलेलं दिसतं. ते जमल्यावर गॅस बंद करणं, मग साखर, असं मागे मागे येत गेलो. तीन महिने लागले. आता संध्याकाळचा चहा त्याचाच असतो. कुकरची शिट्टी त्याला सोसत नाही, तो हट्ट नव्हे, त्याच्या कानांना खरंच त्रास होतो. म्हणून भातासाठी इलेक्ट्रिक कुकर आणला.

प्रत्येकाचं असंच होईल असं नाही. कुणी नोकरी करून एकटं राहतं, कुणी बोलत नाही, कुणाला चोवीस तास सोबत लागते.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतोय ना? इथं कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही गावभागातून रातोरात मावशीकडे गेलो. कुठं, किती दिवस, कुणी त्याला नीट सांगितलंच नाही. तीन दिवस तो जेवला नाही. आता दर पावसाळ्यात पाण्याची पातळी तो स्वतः बघतो. ४० फूट, म्हणजे इशारा, की बॅग भरायची. ४५ ही धोक्याची पातळी, त्याच्या आत घर सोडायचं. हे त्याच्या वहीत लिहिलंय.

आता कागदपत्रं. १८ पूर्ण झाली की कायद्यानं तो सज्ञान, आई-बाबांची सही आपोआप चालत नाही. नॅशनल ट्रस्ट म्हणजे स्वमग्नता आणि अशा काही दिव्यांगत्वांसाठीची केंद्र सरकारची संस्था. तिच्या १९९९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पण आधी विचार करा, तो स्वतः काय काय ठरवू शकतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे निर्णय त्याच्याशी बोलून, त्याच्यासोबत घ्यायचा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमाही बघा, १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं.

सध्या दादा विश्रामबागेत एका ओळखीच्या दुकानात हळदीची पाकिटं भरायला जातो. काट्यावर बरोबर शंभर ग्रॅम, एक कण इकडेतिकडे नाही. सिटी बसमध्ये आधी मी शेजारी बसायचे, मग दोन सीट मागे, आता पार शेवटच्या सीटवर. त्याच्या खिशात कार्ड असतं, 'मला ऑटिझम आहे, उत्तर द्यायला वेळ लागतो, कृपया थांबा.' त्यावरचं वाक्य त्यानंच निवडलंय.

येत्या सोमवारी मी बसमध्ये चढणार नाहीये. उतरला की तो फोन करणार आहे. तोवर मी स्टँडवरच थांबेन.