पिस्तूल, परवाना आणि चाळणी

(दृश्य: शूटिंग रेंज. कागदावर माणसाची आकृती.)

तीन यार्डांवरून 20 गोळ्या, सातवरून 20, पंधरावरून 10. अडीचशेपैकी 175 गुण पडले की टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याची नेमबाजी पास. तीन यार्ड म्हणजे आपल्या छोट्याशा खोलीची एक बाजू. तेवढ्यावरून नेम चुकवायचा म्हटलं तरी कठीणच.

खरी गाळणी होते ती अर्जात. बोटांचे ठसे द्यायचे, जुनं रेकॉर्ड तपासलं जातं. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर अर्ज बाद. मुलांची पोटगी थकवली असेल, तरी बाद!

(दृश्य: किलीन शहर.)

16 ऑक्टोबर 1991. इथल्या लुबीज कॅफेटेरियात एकाने काच फोडून ट्रक आत घातला आणि 23 जणांना गोळ्या घालून मारलं. तिथे जेवायला आलेल्या सुझाना हप वाचल्या, पण त्यांचे आई-वडील मारले गेले. हप यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण ते अंगावर बाळगायला कायद्याने बंदी होती. ही साक्ष त्या वर्षानुवर्षं देत राहिल्या. 1995 मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी परवान्याच्या कायद्यावर सही केली. विरोधकांना धास्ती होती, की आता गाडीला गाडी घासली तरी पिस्तुलं निघणार.

तसं झालं का? राज्याचं सुरक्षा खातं दरवर्षी आकडे छापतं. 2011 मध्ये 63,679 प्रकरणांत शिक्षा झाली, त्यांतली परवानाधारकांची 120. परवाने होते पाच लाखांच्या वर, राज्याची लोकसंख्या अडीच कोटी. म्हणजे लहान मुलं धरूनसुद्धा दर शंभरात दोघांकडे परवाना, पण शिक्षेच्या दर हजार प्रकरणांत त्यांची जेमतेम दोन.

बंदूकवाले हा आकडा मिरवतात. आकडा खरा आहे, तुलना मात्र जरा लबाड आहे. नापास मुलांना आधीच बाहेर काढायचं आणि उरलेल्यांची सरासरी अख्ख्या शाळेशी ताडून पाहायची, असा हा प्रकार. परवाना मिळू शकला असता पण ज्यांनी काढलाच नाही, अशा लोकांशी तुलना केली तर काही कळेल.

शिवाय प्रश्न फक्त परवानाधारकाच्या वागण्याचा नाही. स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू यांच्या 2019 मधल्या अभ्यासानुसार, असे कायदे आलेल्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे एरवी असते त्याहून 13 ते 15 टक्के जास्त होते. ते एका साध्या गोष्टीकडेही बोट दाखवतात: गाडीत ठेवलेलं पिस्तूल चोरीला जातं. मालक सज्जनच राहतो, पिस्तूल भलत्याच हातात पडतं. सगळेच अभ्यासक हे मान्य करत नाहीत. वाद चालूच आहे.

(दृश्य: ऑस्टिन, विधानभवनाचं प्रवेशद्वार.)

1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगायला बहुतेकांना परवाना लागतच नाही. तरी लोक तो काढतात. या दारात मेटल डिटेक्टर बसला तो 2010 मध्ये. परवाना दाखवला की त्यातून जावं लागत नाही. तेव्हा केवळ रांग चुकवायला काही लॉबिस्टांनी, म्हणजे आमदारांकडे कुणाची तरी बाजू मांडायला पगारावर येणाऱ्यांनी, परवाने काढले. वरच्या पाच लाखांत तेही आले.