कडेचं पील

(दृश्य : यावल तालुक्यातली केळीची बाग. मागे सातपुड्याची रांग. विळ्याचा आवाज.)

घड कापून नेलेल्या खोडाशेजारी पिलं फुटली आहेत. आप्पा एक जोमदार पील राखतात, बाकीची विळ्याने काढून टाकतात. पंधरा दिवसांनी पुन्हा येतील, पुन्हा काढावी लागतील.

मागच्या वर्षी आप्पांच्या लिव्हरमध्ये अडीच सेंटीमीटरची गाठ सापडली. जुनी ब प्रकारची कावीळ, तिच्यातून सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक, निबर होणं, आणि त्यातून ही कॅन्सरची गाठ. मुंबईला नेलं. पोटावरून सुई थेट गाठीत घालून मायक्रोवेव्हच्या उष्णतेने ती जाळली. तिसऱ्या दिवशी आप्पा घरी.

गाठ गेली, पण ती ज्या लिव्हरमध्ये उगवली ते लिव्हर तेच आहे. अशा उपचारानंतर पाच वर्षांत निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये आजार परत येतो. आणि येतो तो गुपचूप. लिव्हरच्या आत दुखण्याची जाणीवच नसते, ती असते वरच्या पातळ आवरणाला. म्हणून ‘काही दुखत नाही, मग कशाला जायचं’ हे वाक्य ऐकलं की आमचा जीव खाली-वर होतो.

(दृश्य : सीटी स्कॅनची फिल्म, उजेडासमोर धरलेली.)

हे बघा. करड्या लिव्हरमध्ये हा काळा गोल. इथे गाठ होती, आता जळालेली जागा आहे. डॉक्टरांची नजर मात्र गोलाच्या कडेवर.

निरोगी लिव्हरला बहुतेक रक्त, साधारण पाऊण हिस्सा, आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं. कॅन्सरची गाठ पोसली जाते धमनीवर. म्हणून हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये रक्त उठून दिसावं म्हणून दिलं जाणारं औषध, सोडलं, की अर्ध्या मिनिटात, धमनीतलं रक्त पोचतं त्या क्षणी, जिवंत गाठ पांढरी चमकते. पुढच्या एक-दोन मिनिटांत बाकीचं लिव्हर उजळतं आणि गाठ काळसर पडते. काळ्या गोलाच्या कडेला अशी चमकून विझणारी पांढरी कोर दिसली, तर तिथे काहीतरी उरलं आहे.

कोर दिसायच्या आधीही अंदाज बांधता येतो. उपचाराआधीची फिल्म आणि नंतरची फिल्म एकमेकींवर ठेवून बघतात. जळालेला भाग जुन्या गाठीच्या पलीकडे चहूबाजूंनी निदान पाच मिलिमीटर गेला आहे का? ज्या बाजूला कमी पडला, तिथे गाठ परतण्याचा धोका जास्त. मुळात गाठीची कड वेडीवाकडी होती का, हेही जुनी फिल्मच सांगते. कॉम्प्युटरला असे बारीक पोत वाचायला शिकवण्याचं संशोधनही चालू आहे.

पण जुनी फिल्मच हरवली, तर तुलना कशाशी करणार? आमच्याकडे फिल्मा माळ्यावर जातात, ओल लागून चिकटतात. हे बघून फार वाईट वाटतं.

(दृश्य : पहाटेची एसटी. खाली तापीचं पात्र.)

महिन्याने एक, मग दर तीन महिन्यांनी, अशी पहिली दोन वर्षं तपासणी. आज दहावा महिना. आप्पा उपाशीपोटी निघालेत. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट खिशात आहे. मुलाच्या मांडीवर पिशवी, पिशवीत चार पाकिटं. प्रत्येकावर बॉलपेनने तारीख घातलेली, सगळ्यात वर उपचाराआधीचं.

“जळगावला पोचल्यावर आधी हेच द्यायचं,” मुलगा सांगतो.

“माहीत आहे रे,” आप्पा म्हणतात. “पील कडेनंच फुटतं.”