साहेब, पॅरिसच्या जागेचं काय झालं?

[दृश्य: टेबलावर एक छापील चोपडं. कॅमेरा अगदी जवळ.]

हे एक भाषण आहे. निवडणुकीत छापून वाटलेलं. मुखपृष्ठावर भाषण करणाऱ्याचं नाव आहे, चार्ल्स गिटो. त्याच पानावर हाताने लिहिलेले दोन शब्द: ‘पॅरिस कॉन्सुलशिप’, म्हणजे पॅरिसमधलं अमेरिकेच्या वाणिज्यदूताचं पद. आणि त्या शब्दांपासून निघालेली एक रेघ थेट नावाला जाऊन भिडते. न जाणो, जागा कुणाला हवी आहे हे साहेबांच्या लक्षात नाही आलं तर!

साहेब म्हणजे जेम्स गारफिल्ड, अमेरिकेचे अध्यक्ष. ४ मार्च १८८१ ला त्यांनी शपथ घेतली, आणि चारच दिवसांत हे चोपडं घेऊन गिटो व्हाइट हाउसमध्ये त्यांच्यासमोर उभा होता. तेव्हा हे जमायचं. अध्यक्षांना भेटायचं तर रांग लावायची, एवढंच.

[दृश्य: व्हाइट हाउसचा जिना, माणसांनी भरलेला. जुनं रेखाचित्र.]

रांगेतल्या बहुतेकांना नोकरीच हवी असायची. पोस्टमास्तर, जकात नाक्यावरचा कारकून, परदेशातला कॉन्सुल, सगळ्या जागा पक्षाच्या माणसांना. अध्यक्ष बदलला की खुर्च्या बदलणार, हे गृहीतच. त्यामुळे नवा अध्यक्ष आला की अर्जांचा नुसता पूर.

हा पूर पहिल्या अध्यक्षापासूनचा. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडे सख्ख्या पुतण्यानेच सरकारी वकिलाची जागा मागितली. काकांनी कळवलं, वकिलीत तुझा अजून तेवढा जम बसलेला नाही, आणि माझ्या प्रत्येक नेमणुकीवर लोक डोळा ठेवून आहेत. पुतण्याचं अडलं मात्र नाही. १७९८ मध्ये पुढच्या अध्यक्षांनी, जॉन अ‍ॅडम्स यांनी, त्याला थेट सर्वोच्च न्यायालयात बसवलं.

लिंकन यांच्या काळात यादवी युद्ध दाराशी आलं, तरी जिन्यावरची गर्दी हटली नाही. १८६३ मध्ये गेटिसबर्गहून परतल्यावर त्यांना देवी आल्या, सौम्य स्वरूपाच्या. त्यावर लिंकन म्हणाले, आता कुठे माझ्याकडे प्रत्येकाला देता येईल असं काहीतरी आहे.

[दृश्य: गारफिल्ड यांचं छायाचित्र. मागे कागदांची सळसळ.]

गारफिल्ड यांना असे विनोद सुचण्याची उसंत नव्हती. पुस्तकांत रमणारा माणूस, आणि दिवस जायचा अर्जदारांची तोंडं पाहण्यात. वाटमाऱ्याने पिस्तूल रोखावं तसे हे लोक माझ्यावर कागद रोखतात, असं त्यांनी डायरीत लिहून ठेवलंय.

या ढिगात सगळीच पत्रं स्वार्थाची नव्हती. जानेवारीत, म्हणजे शपथ व्हायच्या आधीच, मार्क ट्वेन यांनी पत्र पाठवलं होतं, तेही स्वतःसाठी नाही. गुलामगिरीतून निसटून देशाचा मोठा वक्ता झालेले फ्रेडरिक डग्लस तेव्हा वॉशिंग्टन शहराचे मार्शल, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारे अधिकारी, होते. त्यांना त्या पदावर राहू द्या, एवढीच विनंती. ट्वेनसारख्याचा वशिला, तरी मार्शलपद गेलंच. डग्लस यांना दस्तनोंदणीचं खातं मिळालं.

आणि गिटो? भाषण त्याने मुळात माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्यासाठी लिहिलं होतं. उमेदवारी गारफिल्ड यांना मिळाली, तेव्हा त्याने नाव बदललं आणि बाकीचं जवळपास तसंच ठेवलं. आपल्या भाषणामुळेच गारफिल्ड जिंकले, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आधी त्याला व्हिएन्ना हवं होतं. मग त्याने कळवलं की विचार करता पॅरिसच बरं वाटतं. जणू वधूपक्षाने दोन तारखा सुचवल्या होत्या!

आज हे वाचताना वेड लगेच दिसतं. पण प्रचारात मी राबलो, आता माझी सोय करा, हेच तर जो तो लिहीत होता. त्या ढिगात गिटोचं पत्र वेगळं दिसणार कसं?

परराष्ट्रमंत्री जेम्स ब्लेन यांच्याही तो मागे लागला. रोज खेटे. १४ मे रोजी ब्लेन यांचा पारा चढला: जिवंत असेपर्यंत पॅरिसच्या जागेबद्दल माझ्याशी पुन्हा बोलू नका! २३ मे रोजी गिटोने अध्यक्षांना लिहिलं, ब्लेन दुष्ट माणूस आहे, त्यांचा राजीनामा घ्या, नाहीतर तुमचं आणि पक्षाचं वाटोळं होईल.

मग त्याने उसने पैसे घेऊन पिस्तूल विकत घेतलं. हस्तिदंती मुठीचं. पुढे म्युझियममध्ये ठेवतील तेव्हा शोभून दिसेल म्हणून.

[दृश्य: रेल्वे स्थानकाचं चित्र. आवाज नाही.]

२ जुलै १८८१. वॉशिंग्टनचं रेल्वे स्थानक. गारफिल्ड सुट्टीवर निघाले होते, शेजारी ब्लेन. मागून दोन गोळ्या. त्या वेळी स्थानकात लिंकन यांचे चिरंजीव रॉबर्टही होते, गारफिल्ड यांचे युद्धमंत्री म्हणून. अध्यक्ष १९ सप्टेंबरला गेले. गोळीपेक्षा डॉक्टरांच्या न धुतलेल्या बोटांनीच घात केला, असं आज बरेच जाणकार मानतात.

उपाध्यक्ष चेस्टर आर्थर अध्यक्ष झाले. स्वतः वशिल्याच्याच राजकारणात वाढलेला गडी. पण १६ जानेवारी १८८३ रोजी सरकारी नोकऱ्या वशिल्याऐवजी गुणवत्तेवर देणाऱ्या पेंडल्टन कायद्यावर सही त्यांचीच. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के नोकऱ्या, पण त्या परीक्षा घेऊन. मसुदा करणारे डॉर्मन ईटन ब्रिटनची पद्धत अभ्यासून आले होते, आणि ब्रिटिशांनी ही स्पर्धा परीक्षा १८५५ मध्ये सुरू केली होती ती हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांचं हे असं लांबचं नातं!

[दृश्य: पुन्हा कागद, पुन्हा शाई. तुरुंगाची खिडकी.]

कायदा व्हायच्या आधी आर्थर यांच्या टेबलावर एक अर्ज आला होता. पाठवणारा तुरुंगात, फाशी ठरलेली. माझ्यामुळेच तुम्ही अध्यक्ष झालात, असं त्याने लिहिलं होतं. तुमचा पगार वर्षाला ८,००० डॉलरवरून ५०,००० वर गेला, तोही माझ्यामुळे. हिशेब बरोबर होता.

आर्थर यांनी फाशी थांबवली नाही. ३० जून १८८२.