कुरकुर न करता

बंधुभगिनींनो, आजच्या व्याख्यानासाठी मला दिलेले वचन बायबलमधल्या, प्रभू येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले नववे आहे : कुरकुर न करता एकमेकांचा पाहुणचार करा. या वचनावर बोलणारे बहुतेक जण पाहुणचारावर बोलतात आणि कुरकुरीला एका वाक्यात निरोप देतात. मी आज उलटे करणार आहे, कारण सांगली-मिरजेच्या माणसाला पाहुणचार शिकवण्याचे धाडस मी करणार नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय मिरजेत उभे राहिले, आणि तेव्हापासून परगावच्या पेशंटबरोबर आलेली माणसे पाहतच हे गाव वाढले आहे. दार उघडणे आपल्याला जमते. दार लावून घेतल्यावर स्वयंपाकघरात काय बोलले जाते, हा आपला प्रश्न आहे.

पाहुणचारासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थच परक्यावरील प्रीती असा होतो, आणि कुरकुरीसाठीचा ‘गोंगुस्मोस’ हा शब्द आपल्या कुरकुरीसारखाच आवाजावरून आलेला आहे. पेत्राने हे पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत पांगलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिले. त्या काळी वाटेवरच्या खाणावळींना फारसे चांगले नाव नव्हते. त्यामुळे फिरते उपदेशक घरोघरी उतरत, आणि ज्या घरी उतरत त्या घरातले पीठ आणि सरपण त्यांच्यापायी जास्तीचे खर्ची पडे. कुरकुरीला कारण होते, हे पेत्राला ठाऊक असले पाहिजे; नसते तर त्याने तो शब्द लिहिलाच नसता.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीलाही ते ठाऊक होते. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फार जुन्या पुस्तिकेत असे सांगितले आहे, की प्रभूच्या नावाने येणाऱ्या प्रत्येकाचा स्वीकार करावा. वाटसरू असेल तर त्याला जमेल तितकी मदत करावी. पण त्याने दोन दिवस, फार तर तीन दिवस राहावे, आणि त्याला गावातच राहायचे असेल व त्याच्या हाती एखादी कारागिरी असेल तर त्याने काम करून खावे. हा नियम कोणाला कोरडा वाटेल. मला तो फार प्रेमळ वाटतो, कारण तो लिहिणाऱ्याला घर म्हणजे काय हे माहीत होते.

आता बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या अब्राहामाकडे वळू. मम्रेच्या एलोन झाडांपाशी भर उन्हात तो तंबूच्या दाराशी बसला होता. तीन पुरुष दिसताच तो धावत गेला आणि म्हणाला, थोडी भाकर आणतो, खाऊन पुढे जा. ‘थोडी भाकर’ म्हणणारा हाच गृहस्थ आत जाऊन पत्नी सारेला सांगतो, लवकर तीन मापे सपीट मळ. तीन मापे म्हणजे ढोबळ मानाने वीस लिटरच्या डब्याइतके पीठ! पाहुणे तीन. आपल्या भगिनींपैकी काहीजणी हसल्या, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटले असावे. अब्राहामाच्या बाजूने एवढे मात्र सांगितले पाहिजे, की वासरू निवडायला तो स्वतः गुरांकडे धावला आणि पाहुणे जेवेपर्यंत झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहिला. आपल्याकडचे यजमान बहुधा ‘अगं, चार पाने वाढव’ एवढे बाहेरूनच सांगतात आणि मग पाहुण्याच्या शेजारी पाटावर बसतात.

राजीखुशीचे अंतःकरण असावे, असे आपण म्हणतो तेव्हा ते कोणाचे असावे, हे आपण विचारत नाही. निमंत्रण एकाचे आणि कष्ट दुसऱ्याचे, अशी जेथे वाटणी असते तेथे कुरकुर हा त्या दुसऱ्याचा स्वभावदोष मानला जातो. मार्थेच्या गोष्टीचेही आपण असेच केले आहे. प्रभू येशू घरी आला तेव्हा तिची बहीण त्याचे ऐकत बसली आणि मार्था एकटी राबत होती. प्रभूने तिला, तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, असे म्हटले हे खरे. पण तिची तक्रार कामाची नव्हती, काम एकटीवर पडल्याची होती, आणि ती तिने शेजारणीकडे न करता पाहुण्यासमोर उभे राहून केली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला; बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात सारखीच जागा असावी, ही त्यांची दृष्टी मोठी होती. मात्र अशा मोठ्या मनाच्या माणसाचा संसार चालवताना काय सोसावे लागते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी हसत हसत, पण काहीही न झाकता लिहून ठेवले आहे. त्याला मी कुरकुर म्हणणार नाही.

आता माझ्याच घरातले सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा सांगलीतल्या गावभागातले एक कुटुंब आमच्याकडे मिरजेत राहायला आले. ना नात्यातले, ना मंडळीतले. नवरा-बायको, दोन मुले आणि एक आजी. त्यांना घेऊन या, असे फोनवर मी सांगितले आणि सांगून झाल्यावर पत्नीला कळवले. तीन दिवस सारे उत्तम चालले. चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पातेले जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. शब्द एकही नव्हता, परंतु बाहेरच्या खोलीत बसलेल्या त्या बाईंनी तो आवाज ऐकला, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले आणि वर्तमानपत्र वर धरले.

पाचव्या दिवशी पहाटे त्या बाई आमच्या आधी उठल्या. पत्नी आत गेली तेव्हा त्या परातीत ज्वारीचे पीठ घेऊन कोमट पाण्याने मळत होत्या. ‘वहिनी, तुम्ही शेका, मी थापते,’ एवढेच त्या म्हणाल्या. पत्नीने क्षणभर विचार केला, कारण पाहुणीला परातीशी बसवणे आपल्याकडे कमीपणाचे मानतात. मग तिने तवा ठेवला. तासाभरात आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येऊ लागला. माझ्या भाकरीच्या गतीवर काहीतरी बोलणे चालले असावे, कारण मला पाहून दोघी गप्प झाल्या. पुढचे पाच दिवस ते कुटुंब राहिले, आणि पातेले पुन्हा तसे वाजले नाही.

पूर ओसरल्यावर पत्नीने मला एकच विचारले : त्यांना बोलावलेत ते बरेच झाले, पण आधी मला विचारायला तुम्हाला किती वेळ लागला असता? मी उत्तर दिले नाही. तेव्हापासून आमच्याकडे कोणी आले की चहा मी ठेवतो. आले जास्त पडते, अशी तक्रार आहे.